एलोदीसाठी गाऱ्हाणं

देवबाग,
आषाढातला कुठलातरी गुरुवार

प्रिय ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करतोय. पहिल्या वेळी दोन ओळी झाल्या आणि खाडीत कुणाचीतरी होडी दोर तुटून वाहत निघाली. ती धरायला धावलो तो संध्याकाळीच परत आलो. दुसऱ्या वेळी पेन संपलं. नवीन आणायला मालवणात गेलो आणि पेन सोडून बाकी सगळं घेऊन आलो. आता तुझ्याच डब्यातली पेन्सिल घेऊन बसलोय आणि आईने खोलीला बाहेरून कडी घातलीय. खरंच घातलीय. म्हणाली, "लिवन झाला की हाक मार. तेच्या आधी चाय पण गावाची नाय." फोन करता आला असता, पण का नाही केला ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायची नाहीस.

घाबरू नकोस, आई बरी आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, कुडाळला, जूनच्या सुरुवातीला. मला कळवलं शेजारच्या डोरथी काकीने. मी तेव्हा गोकर्णात होतो, समुद्रावरच्या एका हॉटेलात भांडी घासता घासता तिथल्या आचाऱ्याला सोलकढी शिकवत होतो. तो त्यात साखर घालायचा, ती एक वेगळीच कहाणी आहे, ती नंतर. काकी फोनवर म्हणाली, "तुझ्या आवशीच्या डोळ्यात औषध घालूक कोण नाय आणि तू खंय वारो खात फिरतंस रे?" त्याच रात्रीच्या गाडीने निघालो. घरी पोचल्यावर आईला विचारलं, ताईला कळवलंस का. ती म्हणाली, "कोणाक?" एवढंच. मी पुढे बोललो नाही. चार वर्षांत मी पुढे कधीच बोललो नाही, हे मला ह्या पत्रात कबूल करायचं आहे. मंगेशशी ठरलेलं लग्न तू सहा दिवस आधी मोडलंस, पत्रिका सगळीकडे गेल्या होत्या, आणि आईने दारात उभं राहून तुला सांगितलं की ह्या दारात परत पाय ठेवायचा नाही, तेव्हा मी घरातच होतो. मी भाजलेला बांगडा खात होतो. तू बॅग घेऊन माझ्या समोरून गेलीस आणि मी काटा काढत बसलो.

तर डोळ्याचं. डॉक्टरने सांगितलं, वाकायचं नाही, चुलीच्या धुराकडे जायचं नाही, टीव्ही-मोबाईल बंद. आणि आईला गप्प बसवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पावसाळ्यामुळे समुद्रावरच्या होड्या वर काढलेल्या, पर्यटक नाहीत, त्यामुळे मलाही काम नाही. दोन दिवस मी तिला पेपर वाचून दाखवला. बातम्या संपल्या, जाहीर नोटिसा संपल्या, कुणाच्यातरी हरवलेल्या लायसन्सची जाहिरातसुद्धा वाचली. मग ती म्हणाली, "दुसरा कायतरी वाच मरे. डोळे माझे बंद आसत, कान नाय." घरात पोथी सोडून पुस्तक नव्हतं. मग माळ्यावरची तुझी पेटी काढली. त्यात एमएच्या परीक्षेची तुझी पुस्तकं, आणि त्यातलं सर्वांत जाड म्हणजे ते फ्रेंच कादंबरीचं मराठी भाषांतर, कव्हर गेलेलं, पहिली चार पानंही गेलेली. कोणी लिहिलीय तेही कळत नाही. ते तुझं आहे हे मी आईला सांगितलं नाही. म्हटलं, जुनी फ्रान्सातली गजाल आहे. "फ्रान्सातली चलात," ती म्हणाली. "गावातल्या गजालींचो कंटाळो इलो."

तुला ती पाठ असेल, तरी आम्हाला ती कशी दिसली ते सांगतो. बंदराचं गाव. शिडाचं कापड विकणारा तो मोठ्या मिशांचा बाप. त्याची मुलगी एलोदी. एका जहाजमालकाशी तिचं लग्न ठरतं आणि आदल्या दिवशी ती घर सोडून मोठ्या शहरात जाते, लेस विणायच्या दुकानात कामाला लागते. बाप तिच्या खोलीच्या दाराला खिळे ठोकतो. आणि एक भाऊ, बास्तियाँ, सारखा कुठल्यातरी जहाजावर चढून पळणारा. दुपारी साडेतीनला डोरथी काकी कोळंबीची टोपली घेऊन यायची, आमच्या ओट्यावर बसून सोलायची आणि ऐकायची. बास्तियाँचं नाव ऐकल्याबरोबर म्हणाली, "बस्त्यांव म्हण रे सरळ. माझ्या मामाचा नाव." तेव्हापासून तो बस्त्यांव झाला. बाप दोघींनी मिळून दशावतारातली राजपार्टी ठरवून टाकली, नुसता आवाज आणि मिशा. एलोदी मात्र आईला पहिल्या दिवशीच डोक्यात गेली. त्या सुरुवातीच्या प्रकरणात ती आरशापुढे बसून अर्धा तास रडते ना, तिथे आई म्हणाली, "रडणाऱ्याक आरसो कित्याक होयो?" आणि बापाची बाजू घेऊन अशी काही बोलायला लागली की मी पुस्तक मिटलं. "बापाशीचा काय चुकला? सगळ्या गावात सांगणा गेलली. लोकांका तोंड कसा दाखवायचा तेना?" काकी सुंगटं सोलता सोलता म्हणाली, "सरला, तां चेडू फ्रान्सात आसा, तुझ्या खळ्यात नाय. इतक्या कित्याक तापतंस?" मग आईने डोकं मागे टेकवलं. मी डोळ्यात औषध घातलं.

तुला एक सांगू, मला वाटलं होतं पुस्तक म्हणजे परीक्षेचं काहीतरी. बारावीत दोनदा नापास झालेल्या माणसाला जाड पुस्तक दिसलं की तो आधी दार शोधतो. पण मोठ्याने वाचताना वेगळं होतं. माणसं हळूहळू बदलतात आणि बदलली हे आपल्याला चाळीस पानं उलटल्यावर कळतं. ती आरशात बघून रडणारी एलोदी, तिच्या हाताची बोटं सुयांनी फुटतात, दुकानातली मालकीण तिला चोर म्हणते तेव्हा ती रडत नाही, टेबलावर सगळी लेस पसरून वार मोजून दाखवते. तिथे आई सरळ होऊन बसली. दुसऱ्या दिवशी काकी उशिरा आली तेव्हा तिला तेवढा भाग स्वतःच सांगितला, हातवारे करून, मालकिणीचा आवाज काढून. आणि तो बाप. खिळे ठोकलेल्या दाराशेजारून जाताना तो आधी मान फिरवायचा. मग रोज संध्याकाळी धक्क्यावर जायला लागला, जहाजं बघायला म्हणून. गाडी तर जमिनीवरून येते शहराची, आई म्हणाली, हा समुद्राकडे कशाला बघतोय? मग स्वतःच म्हणाली, "रस्त्याकडे बघल्यान तर लोकांका कळात."

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तू पेन्सिलीने परीक्षेचा प्रश्न लिहिलायस, 'प्रमुख व्यक्तिरेखा आणि त्यांचा विकास', वीस गुण. खाली तुझी टिपणं. एलोदीबद्दल दहा ओळी, बापाबद्दल आठ. बास्तियाँपुढे एकच ओळ: 'ह्याच्यात बदल होत नाही, कारण ह्याला कधी काही भोगावं लागत नाही.' मी ते एकटाच वाचलं. मग उठून खाडीवर गेलो आणि बराच वेळ दगड मारत बसलो. तू ते माझ्यावर लिहिलं नसशील, तारीख लग्नाच्या आधीची आहे. तरी लागलं. म्हणजे, कुठे लागलं ते नेमकं कळत नव्हतं.

आईला ते टिपण मी दाखवलं नाही. तिने तो मुद्दा स्वतःहून काढला, तिच्या पद्धतीने. बस्त्यांव परत येतो तो भाग चालला होता. बाप खूश, बदक कापलंय, टेबलावर पांढरी चादर, शेजारीपाजारी जमलेत. आई म्हणाली, "थांब. ह्यो कितव्या खेपेक पळाललो?" म्हटलं, चौथ्या. "आणि बापूस दर खेपेक तेका बदक कापून घालता?" हो, म्हटलं. "आणि तां चेडू एकदाच गेला?" एकदाच. "मगे तेच्याच खोलयेक खिळे कित्याक?" काकीचे हात थांबले. मी पानात डोकं घातलं. ताई, मी किती वेळा पळालो? केरळात, मनालीत, त्या गुजरातच्या ट्रकवाल्याबरोबर, आणि हंपीला. प्रत्येक वेळी परत आलो की आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि ताटात सुरमई. कोणी विचारलंही नाही की बाबा, कुठे होतास. त्या संध्याकाळी आईला औषध घालताना डोळ्यातून पाणी आलं, तर म्हणाली औषध चुरचुरतंय. रोज चुरचुरत नव्हतं.

मग एलोदी आजारी पडते. शहरात, ताप, एकटी, खोलीभाडं मागायला दारावर माणूस. चाळीस पानं उरलेली. मी पुढचं चोरून वाचणार होतो पण आईने पुस्तक उशीखाली घेतलं. सोमवारी सकाळी म्हणाली, मला देवळात ने. काळा चष्मा, डोक्यावर पदर, माझ्या हाताला धरून चालत गेली. दाजी देवळातच होते. आता गावच्या वतीने गाऱ्हाणं तेच घालतात, आवाज तोच, दात तेवढे कमी झालेत. आई म्हणाली, गाऱ्हाणं घालायचं आहे. कोणासाठी? "एका चेडवासाठी. आजारी आसा." नाव? "एलोदी." मला वाटलं जमीन दुभंगावी. खंयचा? "फ्रान्सातला." दाजींनी आखातातल्या नोकऱ्यांसाठी गाऱ्हाणी घातलीत, होडीच्या इंजिनासाठी घातलीत. ते जराही हलले नाहीत. "फ्रान्स तर फ्रान्स. देवाक पासपोर्ट लागना नाय," म्हणाले. मग नारळ हातात घेतला आणि विचारलं, "कोणाचा चेडू म्हणान सांगू?" मी सांगणार होतो की दाजी, हे पुस्तकातलं आहे. आईने माझा हात असा आवळला की अंगठी रुतली. मग म्हणाली, "माझा."

दाजींनी डोळे मिटले आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू परमुलखात आसा, रागान गेला, कोणाच्या रागान गेला तां तुका म्हायत आसा..." आणि मागे उभे असलेले दोघं-तिघं नेहमीसारखं म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तेका बरा कर, आणि तेच्या आवशीच्या घराक सुखरूप हाड..." व्हय म्हाराजा. "चुकला माकला आसात तां पायाखाली घे..." व्हय म्हाराजा. पुस्तकात आई नाहीच, ती कधीच वारलेली. दाजींना काय ठाऊक. पण आईने त्यांना दुरुस्त केलं नाही. ती पण म्हणत होती, सगळ्यांबरोबर, अगदी हळू. मी लहानपणापासून तिथे उभा राहून ते दोन शब्द म्हणत आलोय, पण लक्ष नेहमी खोबऱ्यावर. त्या दिवशी पहिल्यांदा अर्थासकट म्हटलं.

घरी येऊन उरलेली चाळीस पानं वाचली, एका बैठकीत, काकीला निरोप धाडून बोलावून. एलोदी बरी होते. आईने देवळाच्या दिशेला हात जोडले. आणि मग शेवट, तुला माहीत आहे. बाप शहरात जातो, तिच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, काचेतून ती दिसते, हसत कुणाला तरी लेस दाखवतेय. आणि तो हाक न मारताच परत फिरतो. संपलं पुस्तक. मी मिटलं तरी आई वाट बघतेय. "फुडे?" म्हटलं, संपलं. मग अशी भडकली, अशी भडकली की काकी टोपली घेऊन मागे सरकली. "इतक्या लांब जावन हाक मारूक काय झाला तेका? जीभ झडलेली? मेल्यान शेवट केल्यानच नाय!" आणि त्याच दमात म्हणाली, "मी तरी मारललंय हाक. तां येवक नाय, तो भाग येगळो."

मी विचारलं, कधी? आई म्हणाली, विसरलास काय, तुझ्याच हाती तर सांगणं धाडलं होतं.

ताई, आता हे नीट वाच. तीन वर्षांपूर्वी, चवथीच्या आधी, मी पुण्याकडे निघालो होतो. आईने बसस्टँडवर मला सांगितलं होतं की वाटेत साताऱ्याला उतर, ताईला भेट, आणि सांग की ह्या वर्षी माटवी मी बांधणार नाही, तशीच ठेवते, तिला येऊन बांधायला सांग. गणपतीवरची ती फळांची चौकट घरात तूच बांधायचीस, बाबा गेल्यानंतर दर वर्षी, स्टुलावर उभी राहून. बरोबर तुझ्यासाठी आमसुलांचा पुडा दिला होता. कोल्हापूरला गाडी थांबली, मी चहाला उतरलो, तिथे विनीत भेटला, डायव्हिंगच्या बोटीवर माझ्याबरोबर होता तो. म्हणाला हंपीला चाललोय, चल. मी गेलो. आमसुलं तिथे कुणाच्यातरी सारात पडली. आणि निरोप... मी तो मुद्दाम दाबला असता तर बरं झालं असतं, निदान काही कारण असतं. मी विसरलो. चवथीला घरीही आलो नाही. पुढे कधीतरी तू मला मेसेज करून विचारलं होतंस, आई माझ्याबद्दल काही म्हणते का. मी लिहिलं, काही नाही. ते लिहितानाही मला आठवलं नाही. इकडे आईने चवथीच्या दिवशी दुपारपर्यंत माटवी रिकामी ठेवली होती. कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळे सगळं टोपलीत भरून खाली. आरतीला माणसं आली, विचारायला लागली, ही उघडी का. शेवटी काकीने, ख्रिस्ताव असून, स्टुलावर चढून कशीबशी बांधली. आईने तेव्हा ठरवलं की तू नाही म्हणालीस.

मी सगळं सांगितलं. काकीसमोरच. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. आईने काळा चष्मा काढला, डॉक्टरने काढू नको सांगितलेला, आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तिका ठावकच नाय?" नाही, म्हटलं. "तिना नाय म्हणूक नाय?" नाही, तिला कोणी विचारलंच नाही. आई ओट्यावर मागे टेकली. "डोरथी, आयकलंस? तिका ठावकच नाय!" असं चार-पाच वेळा म्हणाली, प्रत्येक वेळी चेहरा थोडा सैल. शेवटी हसायला लागली, पदर तोंडाला लावून, आणि काकी पण, आणि मी मध्ये बसलेला एकटा गाढव. रागावायचं ती पार विसरून गेली. ते तिला जेवणाच्या वेळी आठवलं. पानं घेतली तेव्हा तिने स्वतःचं वाढून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजपासून तुझा तू वाडून घे. टोपात आसा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी वाढून घेतलं. आमटी थंड होती, पण मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, शपथ.

तर हे पत्र त्यासाठी. मी म्हणालो होतो की मीच येतो साताऱ्याला, समोर बसून सांगतो, माफी मागतो. आई म्हणाली, "तुझ्या हाती? परत?" फोन कर म्हटलं, तर ती दोन दिवस फोन हातात घेऊन बसली आणि ठेवून दिला. म्हणते, आवाज ऐकला की मी परत कायतरी वाकडं बोलेन, कागदावर बोललेलं परत वाचून बघता येतं. म्हणून हे रजिस्टर पोस्टाने येतंय. ती स्वतः येणार आहे पोस्टात, पावती स्वतःच्या बटव्यात ठेवणार आहे. तिने सांगितलेलं शब्द न शब्द इथे लिहितो, मध्ये माझं काही नाही: "मी तेवा दारात बोललंय तां चुकला. लगीन मोडलंस म्हणान राग होतो, तो आता थोडोच उरलोहा, तो पण येवन बघ. चवथीक माटवी बांधूक ये." ताई, तू रागावलेली असशील तर तिच्यापेक्षा जास्त माझ्यावर रागव, तो राग बरोबर जागेवर पडेल. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, इथे कोणी खिळे ठोकून बसलेलं नाही. फक्त जे काही असेल, हो किंवा नाही, ते आईला तू स्वतः कळव. माझ्याकडे निरोप देऊ नकोस.

तुझाच भाऊ, सध्या घरीच असलेला,
मिहीर